गप्पू रात्रभर झोपते

सिस्टरांनी नोकरीची एकतीस वर्षं दवाखान्यातल्या एकाच खोलीत काढली. लांबट खोली, काचेच्या पेट्यांच्या दोन रांगा आणि बारा महिने एकसारखी ऊब. दिवस भरायच्या आत जगात आलेली बाळं तिथे ठेवत. कुणी सव्वा किलोचं, कुणी त्याहूनही कमी. श्वास घ्यायला यंत्र मदत करी, दूध नाकातल्या नळीतून पोटात जाई, आणि तोंडाने दूध ओढायचं कसं हे शिकवण्याचं काम सिस्टरांकडे आपसूक आलं होतं. नेमणुकीच्या कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण इतर नर्सेस दमून हात टेकत, तिथे सिस्टर स्टूल ओढून बसत.

त्यांची रीत साधी होती. नळीतून दूध सोडलं की त्या बाळाच्या ओठांना बोटाच्या पेराएवढी रबरी चोखणी लावत. तोंड चोखतंय आणि पोट भरतंय, ही सांगड त्या मुठीएवढ्या जिवाच्या डोक्यात एकदा बसली की पुढचं सोपं जाई. मग चोखणीची कडी दोन बोटांत धरून हलकेच बाहेर ओढायची. बाळाने ती परत आत खेचली, की सिस्टरांचा चेहरा उजळायचा. "ओढतंय, ओढतंय! आईला बोलवा," असं त्या ओरडत, आणि बाहेर बाकावर दिवसचे दिवस बसून राहिलेली बाई धडपडत आत येई.

दवाखान्यात सगळे त्यांना चोखणीवाल्या सिस्टर म्हणत. त्या वरवर रागवत, आतून सुखावत. निवृत्तीनंतरही हे नाव त्यांच्या मागोमाग गल्लीत आलं. आजूबाजूच्या घरांतल्या नव्या आया डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहू लागल्या. बाळ झोपत नाही, दर तासाला उठतं, काय करू?

सिस्टर पदराने हात पुसत एकेक प्रश्न विचारत. दूध नीट प्यायला लागलंय का? महिना झाला का? मग द्या चोखणी. साखरेत, मधात बुडवायची नाही. दोऱ्याने गळ्यात बांधायची नाही. झोपेत तोंडातून गळली तर परत कोंबायची नाही, गळू दे. रोज उकळायची, रोज ताणून बघायची, चीर दिसली की फेकायची. आणि अंगावरचं एखादं जुनं मऊ कापड दोन रात्री स्वतःच्या उशाशी घेऊन झोपायचं, म्हणजे त्याला तुमचा वास लागेल. पाजताना ते बाळाच्या गालाशी धरायचं. बाळ झोपलं की काढून घ्यायचं, वर्षाचं होईपर्यंत पाळण्यात सुटं कापड ठेवायचं नाही. आठ दिवसांनी येऊन सांगा.

आठ दिवसांनी बाई हसत येई.

शेजारचे हेडमास्तर एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सिस्टर, निवृत्त झाल्यापासून मलाही झोप नाही. एखादी चोखणी मलाही द्या की."

"देते. पण दात काढून ठेवावे लागतील, मास्तर."

"ते काढलेलेच असतात," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

अशा या सिस्टरांना एकच मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील तापाचं निमित्त होऊन गेले. सिस्टरांनी तेव्हा मुद्दाम रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दिवसभर पोरीजवळ राहता येईल. झालं असं, की दिवसभर त्या पोरीजवळ असत खऱ्या, पण गाढ झोपलेल्या. रात्री पोर शेजारच्या काकूंकडे. काकू मायेच्या होत्या, पण त्यांची स्वतःची चार होती. तोंडात चोखणी आणि मुठीत सिस्टरांच्या जुन्या ॲप्रनचा कापून दिलेला खिसा, एवढ्या आधारावर त्या पोरीने पाच वर्षांची होईपर्यंत रात्री काढल्या. चोखणी सुटली तोवर पुढचे दात पुढे आलेले होते. शाळेत मुलं तिला ससुली म्हणत. मोठी झाल्यावरही ती हसताना तोंडावर हात धरी, आणि ते पाहिलं की सिस्टर नजर दुसरीकडे वळवत.

"तू परक्यांची पोरं निजवलीस," लग्नाआधीच्या एका भांडणात ती म्हणाली होती, "मला मात्र रबराने निजवलं."

खोटं काही नव्हतंच त्यात.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावाने गमत्या. दोघं चौथ्या मजल्यावर राहत, आणि त्यांच्याच इमारतीतली लिफ्ट कायम बंद. "लोकांना वर चढवण्यात जन्म चाललाय, घरी मात्र पायपीट," असं जावई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. लग्नानंतर सात वर्षांनी त्यांना मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेली, सव्वातीन किलोची, गोबऱ्या गालांची. सिस्टरांनी तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा हात अवघडले. एवढं मोठं बाळ पेलायची त्यांना सवयच नव्हती.

"आई, एक आत्ताच सांगून ठेवते," लेक दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाली. "माझ्या मुलीच्या तोंडात चोखणी जाणार नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. तुझ्या पर्समध्ये एक असेल, ती घरी ठेवून येत जा."

"बरं गं बाई."

सिस्टर रोज सकाळी नऊला चार मजले चढून जात आणि संध्याकाळी परतत. महिनाभर सगळं रीतसर चाललं. पाचव्या आठवड्यात बाळाने सूर लावला. संध्याकाळ झाली की रडणं सुरू, आणि ते पहाटेपर्यंत. पाजलं तरी रडे, उभं धरलं तरी रडे. जावई तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायचा. सकाळी कामावर जाऊन एकदा तो थांबलेल्या लिफ्टमध्येच बसल्या बसल्या झोपला, आणि वरच्या मजल्यावरची माणसं बटण दाबून दाबून थकली. सिस्टर सगळं पाहत होत्या. चोखणीचं नाव काढत नव्हत्या.

एके सकाळी त्या पोचल्या तर दार उघडंच होतं. लेक स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, पाठ भिंतीला, मांडीवर बाळ, आणि दोघी रडत होत्या.

"दे," लेक मान वर न करता म्हणाली.

"काय देऊ?"

"उगाच वेड पांघरू नकोस. रोज घेऊन येतेस, मला माहितीये. दे."

सिस्टरांनी पर्स उघडली. पाच आठवडे ती चोखणी रोज घरी उकळून, स्वच्छ डबीत घालून चार मजले चढत होती आणि तशीच उतरत होती. त्यांनी ती बाळाच्या ओठांना लावली. बाळाने दोनदा जिभेने ढकलली, तिसऱ्यांदा धरली, आणि असं काही ओढायला लागलं की कडी लटलट हलू लागली. रडणं थांबलं. स्वयंपाकघरात एकदम इतकं शांत झालं की नळाचं ठिबकणं ऐकू आलं.

पुढचे काही आठवडे सिस्टरांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. लेक त्यांना विचारत होती आणि त्या सांगत होत्या, असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. लेकीच्या जुन्या गाऊनची बाही कापली, ती दोन रात्री तिच्या उशाशी राहिली, मग पाजताना बाळाच्या गालाशी आली. बाळ आधी सलग तीन तास झोपू लागलं, मग पाच. जावयाने तिचं नाव गप्पू ठेवलं. "गप्पा मारणारी म्हणून नाही, गप्प बसणारी म्हणून," तो समजावून सांगे. दुपारी बाळ झोपलं की मायलेकी चहा घेत बसत. अशाच एका दुपारी सिस्टरांनी मास्तरांच्या दातांची गोष्ट सांगितली, आणि लेक तोंडावर हात न धरता खो खो हसली.

त्या दुपारी बोलता बोलता ती म्हणाली, "तुझ्या ॲप्रनला औषधांचा वास यायचा. मला तो आवडायचा. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

गप्पूला तिसरा महिना लागला. दूध प्यायला ती जास्त वेळ लावू लागली, पण नऊला झोपली की सकाळी सहालाच उठे. रडणं तर जवळपास नाहीच. कधी रडली तरी मांजराच्या पिल्लासारखं बारीक. शेजारणी हेवा करू लागल्या.

एका सकाळी लेक अंघोळीला गेली होती. सिस्टर पाळण्याशी बसून गप्पूशी बोलत होत्या. गप्पू टक्क जागी होती, डोळे लुकलुकत होते, तोंडात चोखणी. एकतीस वर्षांची सवय. सिस्टरांनी कडी दोन बोटांत धरून हलकेच ओढली.

चोखणी अलगद बाहेर आली. बाळाने धरलीच नव्हती. ती नुसती ओठांवर टेकलेली होती.

सिस्टरांनी उठून हात धुतले आणि करंगळी तिच्या तोंडात दिली. बाळाने चोखलं. पण ती ओढ त्यांना ठाऊक असलेल्या कुठल्याच धडधाकट बाळाची नव्हती. पेटीतल्या सव्वा किलोच्या बाळाची असावी, तेवढी होती. फरक इतकाच, की पेटीतलं बाळ रोज थोडं जास्त ओढायला शिकतं. ही सहा आठवड्यांपूर्वी कडी लटलट हलवत होती.

त्यांनी पडद्याजवळच्या उजेडात तिचं तोंड उघडून पाहिलं. जीभ स्थिर होती, पण तिच्या कडांवर बारीक थरथर चालू होती, पाण्यावर वारा फिरावा तशी. त्यांनी दुपटं बाजूला केलं. दोन्ही पाय बेडकासारखे बाहेर पडलेले. तळव्याला गुदगुल्या केल्या तर बोटं हलली, पाय उचलला गेला नाही. श्वास घेताना पोट वर येत होतं आणि छाती आत जात होती.

सिस्टरांनी हे नोकरीत दोनदा पाहिलं होतं, शेजारच्या मुलांच्या विभागात. डोळे असेच लुकलुकणारे, चेहरा शहाणा, आणि मानेखाली एकेक स्नायू विझत जाणारा. दोघांतल्या कुणाचाही पहिला वाढदिवस झाला नव्हता. आता म्हणे यावर औषधं निघाली आहेत. गप्पूच्या वेळी काहीही नव्हतं.

लेक ओले केस पुसत बाहेर आली. "बघितलंस ना? चोखणी पण सुटायला लागलीय. आपण होऊन टाकते. तू तर सांगायचीस, सोडवताना नाकी नऊ येतात."

"हो."

"काल रात्री सलग नऊ तास. दुकानात फोन करून सगळ्यांना सांगितलं मी. एकीला तर पटेचना. तिचा दीड वर्षाचा झाला तरी उठतो." मग तिने आईकडे पाहिलं. "तुला आनंद नाही झाला?"

"झाला की," सिस्टर म्हणाल्या आणि दुपटं परत नीट लपेटलं.

त्या सांगणार होत्या. त्याच संध्याकाळी सांगणार होत्या. जिना उतरताना त्यांनी वाक्य जुळवलं, आणि दुसऱ्या दिवशी जिना चढताना ते मोडलं. आपण डॉक्टर नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हात म्हातारे झालेत, बोटांना कळत नसेल नीट. पुढच्या आठवड्यात लसीची तारीख आहे, तेव्हा डॉक्टरांनाच दिसेल. रोज सकाळी लेक खोलीतून गेली की त्या करंगळी देऊन बघत, आणि रोज ओढ आदल्या दिवसाहून किंचित कमी असे. मग त्या चोखणी उकळायला ठेवत, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

खरं कारण त्यांना माहीत होतं. लेक आता त्यांच्याशी बोलत होती. चहाला हाक मारत होती. हे सगळं आपल्याच तोंडाने संपवायचं होतं, आणि जीभ रेटत नव्हती.

असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी पाजता पाजता गप्पूच्या नाकातून दूध आलं. ती खोकली, म्हणजे खोकल्यासारखं काहीतरी केलं, आणि ओठ निळे पडले. सिस्टरांनी तिला हिसकून घेतलं, कुशीवर वळवलं, घसा मोकळा केला. रंग परत आला. लेक भिंतीला टेकून उभी होती.

"चपला घाल," सिस्टर म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. नवऱ्यालाही बोलावून घे."

मुलांच्या डॉक्टरीणबाई सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेल्या. सलाईनची सुई एवढ्याशा शिरेत घालताना त्यांचे हात कापत, तेव्हा सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं होतं. त्यांनी गप्पूला टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांना धरून उठवलं. मान मागे लोंबली. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग जीभ पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. गप्पू त्यांच्याकडे बघून हसली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, तुमच्या कधी लक्षात आलं?"

निघून गेल्यावर त्यांनी ओठ चावला. पण खोली लहान होती.

पुढचं सगळं त्यांनी खुर्ची जवळ ओढून, हळू आवाजात सांगितलं. पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. बुद्धीला काही झालेलं नाही, तिला सगळं कळतं, सगळं दिसतं. दोष आईकडूनही आलाय आणि वडिलांकडूनही, दोघं स्वतः धडधाकट असतात म्हणून आधी कळायची सोय नसते. तपासणीसाठी रक्त बाहेर पाठवू, पण यावर औषध नाही, आणि दूध आता नळीतूनच द्यावं लागेल.

"ती रात्रभर झोपते," जावई म्हणाला. "डॉक्टर, ती छान झोपते हो."

"दमते ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वास घेऊन, दूध पिऊन दमते. रडायलाही ताकद लागते."

दवाखान्याच्या बाहेर रिक्षाची वाट बघत तिघं उभे राहिले. जावयाने गप्पूला छातीशी धरलं होतं. लेक वळली.

"कधी कळलं तुला?"

"आज अकरावा दिवस."

"अकरा दिवस मी लोकांना फोन करून सांगत होते, माझी मुलगी रात्रभर झोपते. आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"मला वाटलं, तेवढे दिवस तरी तुला..."

"मला कशाला? तुला हवे होते ते." लेकीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू दुसऱ्याच्या आईला दिवसा-रात्री हाक मारून सांगायचीस, तुमचं बाळ ओढतंय म्हणून. माझ्या बाळाने ओढायचं सोडलं, तर मला नाही सांगितलंस."

"अगं, आधी सांगितलं असतं तरी काही करता..." जावई मधे बोलू लागला.

"मला माहितीये," लेक म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं ना. काहीच करता आलं नसतं. म्हणून काय झालं?"

रिक्षा आली. त्यांना वाटलं, आता आपल्याला इथेच सोडून जातील. पण लेक आत सरकून बसली आणि म्हणाली, "बस. नळी घालायला मला येत नाही."

तीन आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. त्यात नवीन काही नव्हतं.

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर गप्पू साडेचार महिने जगली. सिस्टरांनी लेकीला नाकातून नळी घालायला शिकवलं. आधी नाकापासून कानापर्यंत, तिथून पोटापर्यंत माप घ्यायचं, मग टोकाला पाणी लावून हळूहळू सरकवायची, आत गेल्यावर खात्री केल्याशिवाय दुधाचा थेंब सोडायचा नाही. घशातली लाळ छोट्या यंत्राने ओढून घ्यायला शिकवलं. लेक भराभर शिकली. तिचे हात सिस्टरांपेक्षाही स्थिर होते. दोघी दिवसभर एका खोलीत असत आणि कामापुरतं बोलत. "माप घेतलंस?" "घेतलं." "कुशीवर वळव." "वळवलं." चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा.

गप्पूला चोखणी आवडायची ती आवडायचीच. ती ओठांशी आली की डोळे मोठे करायची. पण आता तिला ती तोंडात धरता येत नव्हती, म्हणून नळीतून दूध जात असताना कुणीतरी ती धरून बसायचं. जावई संध्याकाळी कामावरून आला की हात घासून घासून धुवायचा, तरी नखांतलं ग्रीस जायचं नाही. मग तो कडी चिमटीत धरून तासन् तास बसे आणि तिला दिवसभरात कुठल्या लिफ्टमध्ये कोण अडकलं ते सांगे. एकदा एक जाडे गृहस्थ आणि त्यांचं कुत्रं दीड तास अडकले होते. बाहेर पडताना कुत्रं त्या गृहस्थांकडे बघायला तयार नव्हतं. गप्पू ऐकत असे. हसायची, पण हळूहळू तिचं हसू डोळ्यांपुरतंच उरलं.

गाऊनच्या बाहीचा तुकडा तिच्या मुठीत देत, पण बोटं मिटत नसत. मग तो तिच्या गालाखाली सरकवून कुणीतरी तिथेच बसून राही. ती मान वळवू शकत नसे. वास मात्र येत असावा, कारण तुकडा धुतला त्या दिवशी ती अस्वस्थ राहिली. त्यानंतर लेकीने तो धुतला नाही.

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. चोखणीमुळे तोंडात लाळ साठते, ती गिळता येत नाही, श्वासात जाण्याची भीती आहे, आता बंद करा, असं त्यांनी सांगितलं. लेकीने मान हलवली. डॉक्टरीणबाई जिना उतरेपर्यंत ती चोखणी हातात घेऊन उभी होती. मग तिने ती सिस्टरांच्या हातात दिली.

"तू सांग तिला," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

सिस्टर पाळण्याशी गेल्या. गप्पूने त्यांच्या हातात चोखणी पाहिली आणि डोळे मोठे केले. सिस्टरांनी ती खिशात घातली. गप्पूचे डोळे खिशावर गेले आणि तिथेच राहिले. आवाज काढून रडण्याइतका वारा तिच्या छातीत नव्हता. नुसतं पाणी कानाकडे ओघळत राहिलं. सिस्टरांनी ते पुसलं, परत आलं, परत पुसलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही बाळाच्या तोंडची गोष्ट अशी काढून घेतली नव्हती.

पुढच्या महिन्यात जावयाला सर्दी झाली. तो तोंडाला रुमाल बांधून बाहेरच्या खोलीत झोपू लागला, बाळाला हात लावेना. तरी चौथ्या दिवशी गप्पूचा घसा घरघरू लागला. दवाखान्यात न्यायचं का, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं. तिथे श्वासाचं यंत्र लावतील, पण लावलेलं यंत्र पुन्हा काढता येणार नाही, हेही सांगितलं. लेक आणि जावई आतल्या खोलीत दार लावून बोलले. बाहेर आले तेव्हा लेक म्हणाली, "घरीच."

दुपारी सव्वातीनला, खिडकीतून भरपूर ऊन येत असताना, लेकीच्या मांडीवर गप्पू गेली. जावई पायाशी बसला होता. सिस्टरांच्या हातात लाळ ओढायची नळी होती आणि यंत्र चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. बऱ्याच वेळाने जावयाने उठून बटण दाबलं.

"आई, तुम्ही घरी जा," तो हळूच म्हणाला. "तिला थोडा वेळ एकटीला राहू द्या."

सिस्टर चार मजले उतरल्या.

दोघांनी पुढे दुसऱ्या मुलाचा विचार केला नाही. चारातल्या एका मुलाला हेच होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "तीन चांगले असतात की," असं एकदा कुणी नातेवाईक म्हणाले, तेव्हा लेक उठून आत गेली. वर्षभराने जावयाने दुसऱ्या शहरात काम घेतलं आणि ते दोघं निघून गेले. जाताना सामान बांधायला सिस्टरांना बोलावलं नव्हतं.

गल्लीतल्या बायका काही दिवस सिस्टरांकडे यायच्या थांबल्या, मग पुन्हा येऊ लागल्या. बाळं जन्मत होती आणि झोपत नव्हती. पण सिस्टर आता कुणाचं बाळ हातात घेत नसत. दारातच उभ्या राहत. एकदा वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण दोन महिन्यांचं पोर घेऊन आली. पोराचा चेहरा लालबुंद, आवाज सगळ्या जिन्यात घुमत होता.

"सिस्टर, तीन आठवडे झाले, रात्रभर हेच. लोक म्हणतात तुमच्या हाताला गुण आहे. जरा बघता का?"

"पाय झाडतोय?"

"झाडतोय म्हणजे? लाथा मारतो नुसता."

"दूध ओढतो जोरात?"

"दुखतं मला, इतकं ओढतो."

"मग रडू दे," सिस्टर म्हणाल्या. "रडू दे त्याला."

बाई गोंधळून बघत राहिली. सिस्टरांनी दार लावून घेतलं. सिस्टर आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत, डोक्यावर परिणाम झालाय, असं त्या बाईने खाली जाऊन सांगितलं, आणि ते हळूहळू सगळ्यांना पटलं. मग कुणी येईनासं झालं. हेडमास्तरही पुढच्या थंडीत गेले.

लेक वर्षातून एकदा येई. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची, मुक्काम कधी नाही. येताना आईसाठी नवा चष्मा आणी, नाकावर बसवून कानामागच्या काड्या नीट करी, भिंतीवर तक्ता लावून अक्षरं वाचायला लावी. एका वर्षी सिस्टरांनी धीर करून विषय काढला. "तेव्हा मी..." एवढंच त्या म्हणाल्या.

"खालची ओळ वाच," लेक म्हणाली.

सिस्टरांनी वाचली. दोन अक्षरं चुकली. लेकीने काच बदलली आणि पुन्हा वाचायला सांगितलं.